सायकलीवरून साष्टीचा उत्तर कांठ



वसईच्या मोहिमेंत मराठ्यांनीं आधीं ठाणें कां घेतलें, हा प्रश्न मीं अनेक वर्षें वर्गांत विचारीत आलों. नकाशा त्याचें अर्धें उत्तर देतो. उरलेलें अर्धें सायकल देते. वरसाव्याहून ठाण्यापर्यंतचा घोडबंदर रस्ता वीसेक किलोमीटरांचा आहे. तो सावकाश कापावा, म्हणजे भूगोल आणि इतिहास हातांत हात घालून चालतांना दिसतात.

वरसावें साष्टी बेटाच्या उत्तर कांठावर आहे. समोरच्या पाण्यास आपण वसईची खाडी म्हणतों. परंतु ती उल्हास नदीच होय. लोणावळ्याकडील डोंगरांत उगम पावून कर्जत, बदलापूर, कल्याण करीत ती ठाण्याजवळ येते. तेथें एक फांटा दक्षिणेस ठाण्याच्या खाडीकडे जातो. मुख्य प्रवाह पश्चिमेस वसईकडे वळतो. जुन्या काळीं हें पाणी हाच राजमार्ग होता. धान्य, दारूगोळा, शिपाई सारे गलबतांतून जात.

म्हणूनच येथले किल्ले पाण्याच्या कडेस आहेत. वरसाव्याजवळचा घोडबंदरचा किल्ला पोर्तुगीजांनीं उभारला. बंदरांत घोड्यांचा व्यापार चाले, म्हणून हें नांव पडलें असें सांगतात. पुढें गायमुखाची चढण लागते. उजव्या हातास संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचें रान, डाव्या हातास खाडी. मोटारींत बसणारास ही चढण जाणवतहि नाहीं. सायकलस्वाराच्या पोटऱ्या मात्र सांगतात, कीं पूर्वीं माणसें पाण्यानेंच कां जात.

ठाण्याचा किल्ला आज मध्यवर्ती कारागृह आहे. १७३७ सालीं तो मराठ्यांनीं घेतला आणि नदीच्या दोन्ही फांट्यांची किल्ली त्यांच्या हातीं आली. साष्टीचा आधार तुटलेली वसई चिमाजीअप्पांनीं कडव्या वेढ्यानंतर मे १७३९ मध्यें सर केली. प्रश्नाचें उत्तर हेंच! तें मनाशीं घोळवीत मासुंदा तलावाच्या कांठीं, कौपिनेश्वराच्या देवळाजवळ घटकाभर विसावावें.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून आगगाडी ठाण्यास आली, आणि हळूहळू पाण्याचा मार्ग मागें पडला. आज न्हावा-शेवा बंदराचा व गुजरातेचा माल याच घोडबंदर रस्त्यानें धांवतो. अवजड गाड्यांच्या या रांगेंत बारा वर्षांच्या मुलास सायकल घेऊन धाडण्यास कोणता बाप धजेल? रस्ता रम्य आहे, निर्धोक नाहीं. आणि ज्यांनीं तो पाहावा, त्या मुलांनाच तो बंद आहे.

तूर्त रविवारीं पहांटे, चारसहा जणांनीं मिळून, वडील माणूस बरोबर घेऊन, डोक्यास शिरस्त्राण व मागें लाल दिवा लावूनच निघावें. परंतु एवढ्यावर समाधान मानूं नये. खाडीच्या बाजूनें सायकलींकरितां एक स्वतंत्र पट्टी मिळावी, अशी मागणी कांठच्या प्रत्येक गांवानें करावी. किल्ल्यांची डागडुजी होते ती योग्यच. पण तेथवर मुलें पोंचलींच नाहींत, तर ती डागडुजी कोणासाठीं?