तिसरी तार थोडी उतरवा

काशीत अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्यांवर बसून बोलतोय. मधूनच नावाड्यांच्या हाका ऐकू येतील, तेवढं चालवून घ्या.

माझ्या हातात आहे ती आजची, नायलॉनच्या तारांची गिटार. तिचा आजचा आकार एकोणिसाव्या शतकात स्पेनमध्ये आंतोनियो दे तोरेस यांनी पक्का केला. मी तिच्यावर वाजवतो ते संगीत त्याहून तीनशे वर्षं जुनं आहे. लुईस मिलान यांचं पुस्तक १५३६ चं, लुईस दे नार्वाएस यांचं १५३८ चं. दोन्ही विहुएलासाठी लिहिलेली. विहुएला दिसायला गिटारसारखंच, पण तारा जोडीजोडीनं बांधलेल्या.

मग लोक विचारतात, “अहो, मूळ वाद्यच नाही, तर हे खरं कसं?”

प्रश्न रास्त आहे. त्या काळातली विहुएला आज जगात बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. नवं बनवून घ्यायचं तर खर्च मोठा. तेवढे पैसे जमेपर्यंत थांबलो असतो, तर हे संगीत माझ्या वाट्याला आलंच नसतं.

आता हे ऐका. गिटारची तिसरी तार अर्धा स्वर उतरवली. तारांमधली अंतरं विहुएलाची झाली. तिसऱ्या पडद्यावर कॅपो लावला, पट्टीही उंचावली. जुन्या टॅब्लेचरमध्ये स्वराचं नाव नसतं; कोणत्या तारेवर, कितव्या पडद्यावर बोट ठेवायचं एवढंच असतं. ती बोटं आता जशीच्या तशी बसतात.

काही गोष्टी मात्र हातानंच साधाव्या लागतात. गिटारचे खर्ज स्वर लांबत राहतात. या संगीतात एकाच वेळी दोन-तीन गळे गात असतात. एकाचा स्वर दुसऱ्याच्या वाक्यावर सांडला, की सगळा गलका होतो. म्हणून संपलेला स्वर अंगठ्यानं वेळीच मिटवायचा. माझा निम्मा रियाज या मिटवण्याचाच असतो.

नार्वाएस यांनी गाई राखण्याच्या एका लोकप्रिय गाण्यावर एकामागून एक रूपं रचली. ती वाजवताना मला आपल्या गौळणी आठवतात. त्याच शतकात नाथमहाराजांनी गौळणी रचल्या आणि १५७३ साली याच काशीत एकनाथी भागवत पूर्ण केलं. गाईगुरांचं साधं गाणं थोरामोठ्यांच्या हाती गेलं, की त्याचं काय होतं ते दोन्हीकडे दिसतं.

धीर मला दोघांनी दिला. एक ज्युलियन ब्रीम. गिटारवादक असूनही त्यांनी डाउलंडसाठी ल्यूट हाती घेतलं आणि दोन्ही वाद्यं आयुष्यभर वाजवली. दुसरे उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर. ध्रुपदाचा संथ आलाप हवा तसा उमटावा म्हणून त्यांनी रुद्रवीणेचे तुंबे मोठे करवून घेतले, तारा जाड केल्या. पनवेलजवळ पळस्प्याला त्यांचं गुरुकुल होतं. त्यांनी आलाप जुनाच ठेवला, वाद्य त्याच्यासाठी बदललं.

हा घाटही अहिल्याबाईंनी अठराव्या शतकात दगडात बांधून घेतला. गंगेवर स्नानाला येणं त्याच्या कितीतरी आधीचं.

तुमच्या घरी कोपऱ्यात गिटार पडून असेल, तर आज तिसरी तार थोडी उतरवा. मिलान यांनी आपलं पुस्तक नवशिक्यांसाठीच लिहिलं होतं. पहिल्या पानापासून सुरुवात करा, आणि सावकाश वाजवा.