सोळा खोल्यांचा वाडा

आज खिशातल्या मोबाइलमध्ये चार-आठ गिगाबाइट मेमरी असते. माझ्या टेबलावरच्या संगणकाला एका मेगाबाइटपलीकडचं काही दिसतच नाही. हौसेनं जुळवलेला एकच बोर्ड, त्यावर १९७९ साली आलेला ८०८८ प्रोसेसर आणि डॉस. तेलगावात जो येतो तो विचारतो, याचं करणार काय?

काम निघालं घरातच. चुलत्यांच्या खत-बियाण्यांच्या दुकानाची १९९४ ते १९९९ची उधारीची खाती दोन फ्लॉप्यांवर होती. वह्यांना वाळवी लागलेली, आणि भावाभावांची वाटणी तोंडावर आलेली. खात्यांतली नावं रोमन लिपीत, कारण डॉसवर मराठी दाखवणारं पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड दुकानात नव्हतं. आजच्या संगणकावर डॉसची नक्कल करणारे प्रोग्राम फुकट मिळतात. घाई असेल त्यानं तेच वापरावेत. मला बोर्डाला कामाला लावायचं होतं, हेही खरं.

८०८८ला पत्त्याच्या वीस तारा. त्यांतून १०,४८,५७६ बाइट, म्हणजे एक मेगाबाइट, एवढाच मुलूख दिसतो. तो सोळा खोल्यांचा वाडा समजा, खोली ६४ किलोबाइटची. १९८१च्या आयबीएम पीसीनं वरच्या सहा खोल्या पडद्यासाठी आणि यंत्राच्या रॉमसाठी राखल्या. राहिल्या दहा, म्हणजे ६४० किलोबाइट. त्यातच डॉस, त्यातच ड्रायव्हर, आणि उरेल तिथं आपला प्रोग्राम. आमचा हिशेबाचा प्रोग्राम सतरा किलोबाइटसाठी अडला.

१९९१च्या डॉस ५.०मध्ये डॉसचा बराचसा भाग वर हलवायची सोय आली. तिचं फार कौतुक झालं. पण ती जागा एका मेगाबाइटच्या पलीकडची, २८६ किंवा पुढच्या प्रोसेसरलाच दिसणारी. ८०८८वर नवा डॉस अंगानं मोठा, आणि खालीच ठाण मांडून बसलेला. म्हणून मी १९८७च्या ३.३०वर आलो. त्याला ३२ मेगाबाइटपेक्षा मोठा डिस्कचा भाग चालत नाही. दोन फ्लॉप्यांच्या खात्यांना त्याचं काय?

मग कॉन्फिग फाइल उघडली. तिथं बफर ४० होते, आणि एक बफर अर्ध्या किलोबाइटहून थोडी जास्त जागा खातो. ते फिरत्या डिस्कचा वेळ वाचवण्यासाठी. माझ्याकडे फिरणारी डिस्कच नाही, मेमरी कार्ड आहे. दहा ठेवले, सुमारे सोळा किलोबाइट सुटले. माउसचा ड्रायव्हरही काढला. दुकानात माउस होता कुठं? ‘फाइल्स’चा आकडा मात्र तसाच ठेवला. तो घटवून फारसं वाचत नाही, आणि एकाच वेळी बऱ्याच फाइली उघडणारा प्रोग्राम मध्येच थांबतो.

खाती उघडली. त्याच दिवशी ती साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवून छापून घेतली. आप्पा पेन घेऊन बसले. हे वारले, यांनी उसाच्या बिलातून फेडले, हे गाव सोडून गेले. खोडता खोडता येणं उरलं बावीस जणांचं. वाटणीच्या बैठकीत तेच कागद पुढं ठेवले.