कानाचा पडदा बसवावा कीं नाहीं?

(नभोवाणीवरील भाषण)

मुलाच्या कानांतून पू येऊं लागला कीं 'कान फुटला' असें आपण म्हणतों, आणि तें बहुधा अक्षरशः खरें असतें. पडद्याला भोंक पाडूनच तो पू बाहेर आलेला असतो. पुष्कळांचें भोंक आपोआप बुजतें. कांहींचें मात्र राहून जातें. कान मधून मधून वाहतो, ऐकूं कमी येतें, आणि तिशीच्या सुमारास केव्हां तरी डॉक्टर सांगतात कीं पडदा बसवून घ्या. मग घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, इतकीं वर्षें निभावलें तसें पुढेंहि निभावेल. दुसरा म्हणतो, शस्त्रक्रिया केली कीं पूर्वीसारखें ऐकूं येईल. श्रोतेहो, माझ्या मतें दोन्ही पक्ष घाई करतात. कारण भोंक बुजणें आणि ऐकूं येणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पडदा म्हणजे सुमारें ९ मिलिमीटर व्यासाचें, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतकें पातळ असें एक पटल. त्याच्यामागें हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन हाडांची सांखळी असते. पडद्यावर आदळलेला ध्वनि ही सांखळी आंतील कानाच्या एका चिमुकल्या खिडकीवर नेऊन एकवटते. पडद्याचा कांपणारा भाग त्या खिडकीच्या सुमारें १७ पट मोठा असल्यामुळें ध्वनीचा जोर वाढतो. नुसत्या भोंकामुळें येणारा बहिरेपणा सहसा ४० डेसिबलच्या फारसा पुढें जात नाहीं. श्रवणाच्या आलेखांत त्याहून अधिक दिसला, तर सांखळी तुटली असावी किंवा श्रवणाचा मज्जातंतुच दुबळा झाला असावा. सांखळी पुष्कळदां सांधतां येते. दुबळा मज्जातंतु नव्या पडद्यानें सुधारत नाहीं.

हें आधीं कळावें म्हणून एक जुनी, साधी युक्ति आहे. भोंकावर कागदाचें बारीक ठिगळ लावून डॉक्टर श्रवण पुन्हा मोजतात. अधिक ऐकूं आलें, तर नवा पडदाहि तेंच करील अशी आशा धरावी. न आलें, तर दोष अधिक खोल आहे. लंडनचे टॉयन्बी यांनीं १८५३ सालीं रबराची चकती अशाच कृत्रिम पडद्यासाठीं सुचविली होती.

परंतु श्रवण सुधारणार नसलें तरी शस्त्रक्रिया व्यर्थ ठरत नाहीं. कोरडा कान हाहि मोठाच लाभ आहे. स्नानाचें भय जातें, आणि श्रवणयंत्र लावतां येतें. वाहत्या कानांत यंत्राचा सांचा बसविला तर पू वाढतो. पू दुर्गंधियुक्त व वारंवार येत असेल, तर पडद्यामागें हाडें कुरतडणारी त्वचेची वाढ असूं शकते. तिला कोलेस्टिएटोमा म्हणतात. ती मेंदूपर्यंतहि पोंचूं शकते. तेथें आवडीनिवडीचा प्रश्न उरत नाहीं.

थांबण्याचींहि कारणें असतात. थप्पड बसून नुकताच फाटलेला पडदा बहुधा तीन महिन्यांच्या आंत आपला आपण भरतो. तोंवर पाणी, आणि विशेषतः आजीबाईंचें लसणीचें तेल, कानांत जाऊं देऊं नये. दुसरा कान पूर्ण बहिरा असेल, तर ऐकणाऱ्या एकुलत्या कानाला हात लावण्यापूर्वीं दहादां विचार करावा.

शस्त्रक्रियेंत बहुधा कानाच्या वरील स्नायूचें पातळ आवरण काढून पडद्याच्या जागीं बसवितात. अनुभवी हातांत सामान्यतः १०० पैकीं ८० ते ९५ जणांचें भोंक बुजतें. जिभेच्या एका बाजूची चव कांहीं काळ बिघडूं शकते. श्रवण कायमचें घटणें क्वचित, पण तें घडतें. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वीं त्याविषयीं स्पष्ट विचारावें. नंतर कांहीं आठवडे नाक जोरानें शिंकरूं नये व कान भिजवूं नये. कानांत औषधी बोळा असतो तोंवर ऐकूं कमीच येतें, म्हणून घरच्यांनीं रोज "आतां येतें का ऐकूं?" असें विचारीत बसूं नये. खरें मोजमाप साधारणतः तीन महिन्यांनीं होतें.