बुडीत खाते आणि नव्या घराचा उंबरठा

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



नांदेड-लातूरच्या कापडपेठेत आयुष्य गेलेल्या माणसाने उधारीविषयी बोलावे, हे स्वाभाविकच आहे. वसूल न होणारी उधारी आपण वर्षअखेरीस बुडीत खात्यात टाकतो. पण म्हणून गिऱ्हाइकाचे देणे फिटते काय? मुळीच नाही. ती आपल्या वहीची सोय असते. बँकाही हेच करतात. त्यास निर्लेखन म्हणतात. निर्लेखन म्हणजे कर्जमाफी नव्हे, हे आपल्या सुशिक्षित तरुणांनाही पुष्कळदा ठाऊक नसते.

लातूरच्या एका परिचित तरुणाने पुण्यात सदनिका पसंत केली, विसार दिला आणि मग कर्जासाठी अर्ज केला. नोकरीच्या आरंभी घेतलेल्या क्रेडिट कार्डाची काही हजारांची बाकी अहवालात ‘निर्लेखित’ म्हणून उभी होती. कर्ज अडले. बाकी चुकती करून नोंद बदलून घेईपर्यंत सौद्याची मुदत टळली आणि ते घर हातचे गेले.

म्हणून विसार देण्यापूर्वी आपला पतअहवाल पाहावा. सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पिरियन आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. केवळ ३०० ते ९०० मधील गुणांक पाहून थांबू नये. प्रत्येक खात्यापुढील शेरा वाचावा. जामीनदार म्हणून केलेल्या सह्याही आठवाव्यात. १८७२ च्या करार कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आणि आपल्याकडे शब्दाखातर सही करणारे थोडे नाहीत!

देणे खरे असेल, तर मुद्दल, व्याज व दंड यांचा लेखी हिशेब मागावा. कर्ज दुसऱ्या कंपनीकडे सोपविले असल्यास पैसे कोणास द्यावयाचे, तेही लेखी घ्यावे. रक्कम कमी करून तडजोड केली, तर ‘तडजोडीने मिटविले’ असा शेरा राहतो आणि नवा सावकार त्याकडे साशंकतेने पाहतो. ऐपत असल्यास पूर्ण रक्कम भरून बेबाकी दाखला घेणे श्रेयस्कर. नोंद बदलल्याची खात्री झाल्यावरच घराचा सौदा करावा.

मुदतीच्या कायद्यातील तीन वर्षे उलटली की सर्व संपले, असे काहीजण सांगतात. त्यामुळे न्यायालयात दावा चालत नसेल, परंतु देणे उरतेच. पतसंस्थांना माहिती किमान सात वर्षे जपावी लागते. नोंदच चुकीची असेल, तर मात्र निःसंकोच तक्रार करावी. तीस दिवसांत निवारण न झाल्यास प्रतिदिनी शंभर रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा आदेश आहे.

पूर्वी कोण व्यवहाराला चोख, हे पेठ जाणत असे. आता ते कागद सांगतो. संकोचापोटी मुले जुने देणे घरात लपवितात. वडीलधाऱ्यांनी न रागावता विचारावे. दिवाळीला नवी वही पुजताना आपण जुनी बाकी पुढे ओढतोच ना? नव्या घरातही ती आपल्या मागोमाग येते. ती उंबरठ्याबाहेरच फेडलेली बरी.