तीक्ष्णतेचे दोन शब्द



इंग्रजीत ‘अ‍ॅक्युइटी’ आणि ‘अ‍ॅक्युमेन’ असे दोन शब्द आहेत. कोश उघडावा, तर दोहोंपुढे ‘तीक्ष्णता’ हाच अर्थ सापडतो. दोघांचे कूळही एकच. लॅटिनमधील ज्या धातूचा अर्थ टोक काढणे, धार लावणे असा आहे, त्यातून दोघे जन्मले. आपणही ‘कुशाग्र बुद्धी’ म्हणतो, तेव्हा दर्भाचे टोकच मनात असते. परंतु या सख्ख्या भावांनी संसार मात्र वेगळे थाटले आहेत.

अ‍ॅक्युइटी मुख्यतः इंद्रियांची. ती मोजता येते. हॉलंडमधील उट्रेख्तचे नेत्रवैद्य हर्मान स्नेलेन यांनी १८६२ साली अक्षरांचा तक्ता तयार केला. त्याचे वंशज आजही दवाखान्यांत टांगलेले दिसतात. निकोप डोळा जी ओळ १२ मीटरवरून वाचतो, तीच वाचण्यास ज्याला ६ मीटरवर यावे लागते, त्याची दृष्टी ६/१२. मनाच्या तरतरीलाही हा शब्द लावतात. पण तेथेही अर्थ चटकन व स्पष्ट उमगणे एवढाच.

अ‍ॅक्युमेनला असा तक्ता नाही. डोळ्याला किंवा कानाला हा शब्द कोणी लावीत नाही. व्यापार, राजकारण, वकिली अशा व्यवहारांत मर्म हेरून योग्य निर्णय घेण्याची जी शक्ती, तिचे हे नाव. पेढीवरचा तरुण कारकून खातेवहीतील एका पैशाची चूक क्षणात पकडतो, ती अ‍ॅक्युइटी. म्हातारे शेठजी जाड चष्म्यातून तीच वही चाळतात आणि म्हणतात, “या गिऱ्हाइकाला आता उधार देऊ नका.” हे अ‍ॅक्युमेन. वयाबरोबर पहिली बहुधा मंदावते. दुसरे अनुभवाने मुरत जाते.

आपण मात्र दोघांनाही सरसकट ‘हुशार’ म्हणतो, आणि घोटाळा तेथेच होतो. भराभर उत्तरे देणाऱ्या मुलाला व्यवहारही कळत असेल, असे धरून चालतो. ज्याला गुण कमी पडले त्याची समजही बेताची ठरवतो. आणि घरातील वडील माणसाला ऐकू कमी येऊ लागले, की त्याचा सल्ला घेणेही सोडून देतो. परीक्षेत जे मोजता येते, त्याचे मोल आहेच. पण कोणाला माणूस म्हणून तोलताना आपल्या हाती दोनांपैकी कोणते माप आहे, एवढे तरी प्रत्येकाने स्वतःला विचारावे. शब्दांतील भेद पाहावयाचा, तो याचसाठी.