देशाटन सर्वांसाठी



सन १९०९ मध्ये जर्मन शिक्षक रिचर्ड शिरमान विद्यार्थ्यांसह पदभ्रमण करीत असता वादळात सापडले. एका शाळेत त्यांना रात्रीपुरता आसरा मिळाला. सुटीत रिकाम्या राहणाऱ्या शाळा प्रवासी मुलांना का खुल्या करू नयेत, हा विचार त्यांना तेथेच सुचला. १९१२ मध्ये आल्टेना येथील किल्ल्यात पहिले कायमस्वरूपी युवक वसतिगृह सुरू झाले.

निवाऱ्याची सोय झाली. प्रश्न उरला तो भाड्याचा. १९७२ मध्ये युरोपातील रेल्वे प्रशासनांनी ‘इंटररेल’ पास काढला. २१ वर्षांपर्यंतच्या तरुणांना एकाच पासावर महिनाभर २१ देशांत हिंडता येऊ लागले.

माफक दरात निवारा व वाहन लाभले, तर देशाटन ही केवळ श्रीमंतांची मिरासदारी राहत नाही.