दोरी कोणाच्या हातात?

(लघुउद्योजकांसाठी भरलेल्या एका अभ्यासवर्गातील व्याख्यानाचे शब्दांकन)



‘उत्पादन आणि गुणवत्ता व्यवस्थापनातील मूलभूत संकल्पना’ असा भारदस्त विषय संयोजकांनी माझ्यावर सोपवला आहे. मी कला शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने पत्रकार. आपल्यापैकी अनेकांचा अवघा जन्म लेथ आणि मिलिंग यंत्रांच्या सान्निध्यात गेलेला. मायक्रोमीटर कसा धरावा, हे मी आपणांस सांगू लागलो तर ते हास्यास्पद होईल. परंतु या विषयाच्या मुळाशी एक प्रश्न आहे आणि तो केवळ अभियंत्यांचा नाही. माल बिघडला तर चूक कोणाची? गेल्या शंभर वर्षांत गुणवत्तेचे जे शास्त्र उभे राहिले, ते या एका प्रश्नाच्या उत्तराभोवती उभे राहिले आहे, असे माझे मत आहे.

त्याचा आरंभ १९२४ सालच्या मे महिन्यात झाला. अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक ही कंपनी दूरध्वनीची यंत्रसामग्री बनवीत असे. तेथे वॉल्टर शूहार्ट या पदार्थवैज्ञानिकाने आपल्या वरिष्ठांना एका पानाचे टिपण पाठवले. त्यात एक साधा आलेख होता. मध्ये सरासरीची रेषा, वर आणि खाली मर्यादेच्या रेषा, आणि त्यांच्या दरम्यान रोजच्या मोजमापाचे ठिपके. यालाच आपण आज नियंत्रण-आलेख म्हणतो. शूहार्टचे म्हणणे असे की, कोणत्याही प्रक्रियेत थोडीफार तफावत असणारच. एकच यंत्र, एकच कारागीर, एकच धातू असला तरी दोन नग तंतोतंत सारखे निघत नाहीत. ही तफावत दोन प्रकारची असते. एक प्रक्रियेच्या अंगभूत असणारी, अनेक लहान-सहान कारणांतून उपजणारी. दुसरी काही विशेष कारणाने अचानक उद्भवणारी, म्हणजे हत्याराची धार गेली, पोलादाचा लॉट बदलला, नवखा माणूस यंत्रावर बसला. दोन्हींवरचा उपाय वेगळा. आणि पहिलीला दुसरी समजणे यासारखी महाग चूक नाही.

हे थोडे कठीण वाटत असेल तर एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका कारखान्यात रोज २०० नग बनतात आणि सरासरी ८ रिजेक्ट होतात. सोमवारी ३ रिजेक्ट झाले. मालक खूश, सर्वांना चहा-भजी. गुरुवारी १३ झाले. मालक संतप्त, पाळीतल्या माणसाची खरडपट्टी आणि वर दंड. आता शूहार्टच्या रीतीने गणित केले, तर या प्रक्रियेची वरची मर्यादा १६ च्या थोडी पुढे येते आणि खालची शून्यावरच राहते. याचा अर्थ ३ आणि १३ हे दोन्ही आकडे त्याच प्रक्रियेचे, त्याच नशिबाचे. सोमवारी कोणी पराक्रम केला नव्हता आणि गुरुवारी कोणी पाप केले नव्हते. चहा-भजी फुकट गेली, ते एक वेळ सोडून देऊ. पण दंड झालेल्या माणसाच्या मनात जे गेले ते परत येत नाही. ही सरासरी आठावरून दोनावर आणायची असेल तर फिक्स्चर बदलावे लागेल, कच्चा माल तपासून घ्यावा लागेल, यंत्राची देखभाल वेळेवर करावी लागेल. यांतील एकही गोष्ट यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाच्या अधिकारातील नाही. ती मालकाच्या अधिकारातील आहे.

शूहार्टचा हा विचार ज्याने जगभर नेला, तो एडवर्ड्स डेमिंग. त्याच्या व्याख्यानांत एक खेळ असे. एका पेटीत पांढरे आणि लाल मणी मिसळलेले. त्यांत लाल वीस टक्के. श्रोत्यांतून काही जणांना ‘कामगार’ म्हणून पुढे बोलवायचे. पन्नास खळगे असलेली फळी पेटीत बुडवून त्यांनी मणी काढायचे. लाल मणी म्हणजे खराब माल. डेमिंग कडक मुकादमाचे सोंग घेई. कमी लाल काढणाऱ्याची पाठ थोपटी, जास्त काढणाऱ्याला दरडावी, शेवटी काहींना कामावरून काढून टाकी. प्रेक्षक पोट धरून हसत, आणि मग एकेकाचे हसू मावळे. कारण पेटीत लाल मणी कोणी टाकले होते, हे त्यांच्या लक्षात येई.

हा खेळ केवळ कारखान्यांतच चालतो असे समजू नका. मी उमेदवारीच्या काळात ज्या एका दैनिकात होतो, तेथे मुद्रणदोषामागे मुद्रितशोधकाच्या वेतनातून रक्कम कापण्याचा प्रघात होता. मजकूर त्याच्या हाती येई तो रात्री उशिरा, मंद दिव्याखाली, पाने सुटायला अर्धा तास उरलेला असताना. दंडाने दोष कमी झाले नाहीत. एवढेच झाले की, सकाळी एखादी चूक कोणाच्या ध्यानात आली तरी तो ती बोलून दाखवीनासा झाला.

डेमिंगला १९५० साली जपानी वैज्ञानिक व अभियंत्यांच्या संघटनेने निमंत्रण दिले. युद्धात होरपळलेला तो देश. जपानी माल म्हणजे तकलादू माल, अशी जगभर ख्याती. डेमिंगने अभियंत्यांना संख्याशास्त्र शिकवले, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे मोठ्या उद्योगांच्या प्रमुखांना समोर बसवून जबाबदारी त्यांचीच असल्याचे सांगितले. आपल्या व्याख्यानांच्या छापील प्रतींचे मानधन त्याने त्या संघटनेलाच दिले आणि १९५१ पासून त्याच्या नावाचे पारितोषिक सुरू झाले. खुद्द अमेरिकेत मात्र सामान्य माणसाला त्याचे नाव कळले ते १९८० साली, एका दूरचित्रवाणी कार्यक्रमामुळे. तेव्हा डेमिंग ऐंशीला टेकला होता. घरच्या माणसाचे मोल बाहेरच्याने सांगितल्यावर कळते, हे केवळ आपल्याकडेच होत नाही.

परंतु डेमिंगने सगळे जपानला शिकवले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. टोयोटा घराण्याचा मूळ व्यवसाय मागांचा. साकिची टोयोदा या सुतारपुत्राने असा माग तयार केला की, सूत तुटताच तो आपोआप थांबे. वरवर पाहता ही लहानशी युक्ती. पण तिचे दोन परिणाम झाले. सूत तुटूनही माग चालत राहिला तर वारभर कापड सदोष निघते, ते टळले. आणि एका मागाशी एक माणूस राखण बसवण्याची गरज उरली नाही. यंत्राची राखण करण्यातून माणूस मोकळा झाला. दोष निर्माण होताच काम थांबले पाहिजे, दोषाला पुढच्या टप्प्यावर जाऊ द्यायचे नाही, हे तत्त्व मागाकडून मोटारीच्या कारखान्यात आले. टोयोटाच्या जुळणी-रांगेवर कामगाराच्या डोक्यावरून एक दोरी जाते. काही बिघडले असे वाटताच त्याने ती ओढायची. दिवा लागतो, सूर वाजतो, गटप्रमुख धावत येतो. गाडी त्या टप्प्याच्या शेवटापर्यंत पोहोचेतो अडचण सुटली तर रांग चालू राहते. नाही सुटली तर थांबते.

मघाशी चहाच्या वेळी एका सद्गृहस्थांनी मला विचारले, “अहो, आमच्याकडे अशी दोरी लावली तर लोक दिवसभर ओढत बसतील.” हा संशय अमेरिकेतही होता, आणि त्याचे उत्तर तेथेच मिळाले.

कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे जनरल मोटर्सचा एक कारखाना होता. त्याची कीर्ती अशी की, गैरहजेरी वीस टक्क्यांच्या वर, संप आणि तक्रारी यांना अंत नाही, गाड्यांची प्रत खालची. १९८२ साली तो बंद पडला. १९८४ साली टोयोटाने जनरल मोटर्सशी भागीदारी करून तोच कारखाना पुन्हा सुरू केला. नव्या भरतीत बहुसंख्य माणसे जुनीच घेतली, संघटनाही जुनीच राहिली. काही जणांना जपानमधील कारखान्यात नेऊन काम दाखवले आणि परत आल्यावर त्यांच्या हाती दोरी दिली. ज्यांच्याविषयी ‘ही माणसेच नालायक’ असा निर्वाळा दिला गेला होता, त्याच माणसांनी पहिल्या काही वर्षांतच टोयोटाच्या जपानी कारखान्याच्या तोडीची गाडी काढून दाखवली. गैरहजेरी तीन-चार टक्क्यांवर आली. इमारत तीच, माणसे बहुतांशी तीच. बदलली होती ती व्यवस्था. (ती भागीदारी २०१० साली संपली आणि आज त्या जागी टेस्ला कंपनीच्या विजेवरच्या मोटारी तयार होतात.)

म्हणजे त्या सद्गृहस्थांच्या शंकेचे उत्तर दोरीत नाही, दोरी ओढल्यावर काय होते त्यात आहे. गटप्रमुख येऊन “काय अडले?” असे विचारतो, की “पुन्हा तूच का?” असे विचारतो? दुसरा प्रश्न दोन वेळा ऐकलेला माणूस तिसऱ्यांदा दोरीला हात लावणार नाही. तो सदोष नग गुपचूप खालच्या पेटीत सरकवील.

याच कारखान्यांतून निघालेले इतर शब्द आपण ऐकलेले असतील, म्हणून त्यांवर रेंगाळत नाही. कानबान म्हणजे पुढच्या टप्प्याने मागितले तेवढेच मागच्याने करायचे, याची चिठ्ठी. ही कल्पना ताइइची ओनो यांना अमेरिकी सुपरमार्केटवरून सुचली. साठा म्हणजे संपत्ती नव्हे, अडचणी झाकणारे पांघरूण, हा त्यामागचा विचार. पाच वेळा ‘का?’ विचारण्याची रीतही ओनोंनी रूढ केली. यंत्र का थांबले? फ्यूज उडाला. का? बेअरिंगला वंगण कमी पडले. का? पंप पुरेसे वंगण खेचत नव्हता. का? त्याचा दांडा झिजला होता. का? गाळणी नव्हती, धातूचा कीस आत गेला. पहिल्या उत्तरावर थांबलात तर फ्यूज बदलाल आणि पुढच्या महिन्यात पुन्हा बदलाल. ध्यानात घ्या, पाचही उत्तरांत कोणा माणसाचे नाव नाही.

आता आपल्या घरचे पाहू. शूहार्टला भारतात कोणी आणले, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून तो १९४७-४८ च्या सुमारास येथे आला होता. डेमिंगच्या त्या जपानी व्याख्यानांच्याही आधी. ज्ञान आपल्या दारी लवकर आले होते. मग डेमिंग पारितोषिक पहिल्या भारतीय कंपनीला, चेन्नईच्या सुंदरम-क्लेटनला, १९९८ साली का मिळाले? मला दिसणारे मुख्य कारण असे की, स्कूटरची नोंदणी करून ग्राहक वर्षानुवर्षे रांगेत उभा राहत होता, तोवर उत्पादकाला गुणवत्तेची गरजच नव्हती. परवाना हाच त्याचा गुण. बाजार खुला झाला आणि दहा वर्षांच्या आत चित्र पालटले. २००३ साली महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाने हे पारितोषिक मिळवले. असे यश मिळवणारी ती जगातील पहिली ट्रॅक्टर कंपनी. आपली माणसे १९९१ पूर्वी आळशी होती आणि नंतर उद्यमी झाली, असे कोणी म्हणेल काय?

मुंबईच्या डबेवाल्यांचा उल्लेख अशा सभेत टळत नाही. ‘फोर्ब्सने त्यांना सिक्स सिग्माचे प्रमाणपत्र दिले’ हे वाक्य आपण शेकडो वेळा ऐकले आहे. पत्रकार म्हणून मला येथे थोडे थांबलेच पाहिजे. फोर्ब्स हे नियतकालिक आहे, प्रमाणपत्रे देणारी संस्था नव्हे. १९९८ साली तेथे डबेवाल्यांवर लेख आला आणि त्यातून ही कथा वाढत गेली. सिक्स सिग्मा म्हणजे दहा लाख संधींमागे ३.४ चुका, हे मोटोरोलाने ऐंशीच्या दशकात रूढ केलेले माप. डबेवाल्यांना ते बिरुद लावण्याची गरजच नाही. त्यांची रचना स्वतःच पाहण्यासारखी आहे. डब्याच्या झाकणावर रंग, अंक व अक्षरे यांची मोजकी खूण. कोणत्या स्थानकावर उतरायचा, कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, एवढेच. पूर्ण पत्ता नाही, कारण तो वाचण्यात वेळ जाईल. गटात एखाद-दोन माणसे राखीव, म्हणजे कोणी आजारी पडला तरी साखळी तुटत नाही. आणि मावळ-जुन्नर-खेडकडची, एकमेकांना ओळखणारी माणसे. मार्च २०२० मध्ये लोकल गाड्या बंद झाल्या त्या सुमारास हीच व्यवस्था थांबली, आणि कचेऱ्यांची रीत बदलल्याने पुढे ती पूर्वीच्या आकाराला आलेली नाही. उत्तम प्रक्रियासुद्धा ज्या रुळांवर धावते, ते रुळ तिच्या मालकीचे नसतात.

शेवटी एक अलीकडचे प्रकरण सांगतो, कारण जपानचे गुणगान एकतर्फी होऊ नये. दाइहात्सु ही टोयोटाच्या पूर्ण मालकीची, लहान मोटारी बनवणारी कंपनी. डिसेंबर २०२३ मध्ये स्वतंत्र चौकशी समितीचा अहवाल आला. सुरक्षा-चाचण्यांत १७४ ठिकाणी गैरप्रकार, ६४ प्रकारच्या गाड्या त्यात गुंतलेल्या, आणि सर्वांत जुना प्रकार १९८९ चा. कंपनीला सर्व गाड्यांची रवानगी थांबवावी लागली, कारखाने बंद ठेवावे लागले. समितीने कारण काय दिले? नवी गाडी बाजारात आणण्याचे वेळापत्रक अतिशय आवळलेले, चाचणी पहिल्या फेरीतच उत्तीर्ण झाली पाहिजे असा दबाव, आणि अडचण वर कळवून मदत मिळत नाही हा कर्मचाऱ्यांचा अनुभव. मुख्य दोष समितीने चाचणी करणाऱ्यांवर नव्हे, व्यवस्थापनावर ठेवला. ज्या उद्योगसमूहाने जगाला दोरी दिली, त्याच्याच एका घरात जुळणी-रांगेवर दोरी होती आणि चाचणी-विभागात नव्हती. तीस वर्षांहून अधिक काळ लाल मणी पेटीतच राहिले.

यापुढचे सत्र प्रात्यक्षिकाचे आहे. मी मघाशी सांगितलेल्या दोनशे नगांच्या आलेखाचे गणित येथील अभियंते मित्र फळ्यावर करून दाखवतील. आपापल्या कारखान्यातील महिनाभराचे रिजेक्शनचे आकडे ज्यांनी सोबत आणले असतील, त्यांनी ते त्यांच्याकडे द्यावेत. त्यांवरून आपला आलेख लगेच काढता येईल. त्या कागदांवर कामगारांची नावे असतील, तर ती खोडून मगच द्यावीत.